छिद्रान्वेषी

मराठीत ‘छिद्रान्वेषी’ असा एक भारदस्त शब्द आहे. त्याचा सरळ अर्थ छिद्र शोधणारा, एवढाच. पण व्यवहारात आपण तो शिवी म्हणूनच वापरतो. दुसऱ्याचे न्यून हुडकून काढण्यात ज्याला सुख वाटते, असा कुजकट मनुष्य तो शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. होडीच्या तळाला भोक पडले आणि उतारूंपैकी एखाद्याने ते हेरले, तर त्याला मात्र आपण छिद्रान्वेषी म्हणत नाही. त्याचे आभार मानतो. छिद्र तेच, ते पाहणारी दृष्टीही तीच. तो मनुष्य नावाड्याला हाक मारतो, गुपचूप बसतो, की ते भोक आणखी मोठे करतो, यावर त्याची योग्यता ठरते.

आज ज्या मंडळींविषयी मी बोलणार आहे, तीही अशीच छिद्रे शोधणारी मंडळी आहेत. त्यांची होडी म्हणजे संगणक. जग त्यांना हॅकर म्हणते, आणि आपल्या ‘छिद्रान्वेषी’ शब्दाप्रमाणेच त्या शब्दालाही आता चोरीचा वास लागला आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका विद्यार्थ्यामुळे. काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत शिकवीत होतो, तेथे परीक्षेचे गुण संगणकावर नोंदविण्यास नुकताच आरंभ झाला होता. नववीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “सर, गुणांची नोंद कोणालाही उघडता येते. परवलीचा शब्द म्हणजे आपल्या शाळेचंच नाव आहे. मी काही बदललं नाही. उघडतं का, एवढंच पाहिलं.” मी ही गोष्ट वरिष्ठांच्या कानी घातली. दुसऱ्या दिवशी मुलाच्या वडिलांना बोलावणे गेले, मुलाला आठ दिवस वर्गाबाहेर ठेवण्यात आले आणि शिक्षकांच्या सभेत ‘चोर’ हा शब्द दोनतीन वेळा उच्चारला गेला. त्या सभेत मी होतो. मी बोललो नाही. परवलीचा शब्द पुढे वर्षभर तोच राहिला.

मुलाचे कोठे चुकले आणि आमचे कोठे चुकले, हे त्या वेळी मला नीट सांगता आले नसते. पुढे हॅकर लोकांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की आमच्या शाळेत जो प्रश्न उभा राहिला, त्याच प्रश्नाशी ही मंडळी गेली साठ-सत्तर वर्षे झगडत आहेत. दोष सापडला, तर तो कोणाला सांगावा? आणि सांगणाऱ्याशी समाजाने कसे वागावे?

प्रथम शब्दाचे मूळ पाहू. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अर्थात एम. आय. टी., या संस्थेत १९४६ साली विद्यार्थ्यांनी खेळातल्या आगगाड्यांचे एक मंडळ स्थापन केले. या मंडळात दोन तट होते. काहींना डबे रंगविण्याचा आणि चिमुकली स्थानके उभारण्याचा छंद होता. इतरांचे चित्त मात्र फळीखालच्या तारांत गुंतलेले असे. टेलिफोन कंपनीच्या जुन्या सामानातून त्यांनी रूळ बदलणारी आणि गाड्या चालविणारी सारी यंत्रणा जुळविली होती. या दुसऱ्या तटातील मुले एखाद्या नामी युक्तीला ‘हॅक’ म्हणत आणि ती लढविणाऱ्याला हॅकर. १९५९ साली मंडळातील एका विद्यार्थ्याने त्यांच्या बोलीचा जो छोटेखानी कोश रचला, त्यात हा शब्द आढळतो. त्या काळी त्यात निंदेचा लवलेश नव्हता. ती पदवी होती, आणि ती स्वतःहून घ्यायची नसून इतरांनी द्यायची होती.

पुढे हीच मुले संस्थेतील टी. एक्स. शून्य नावाच्या संगणकापाशी जमू लागली. दिवसा यंत्र प्राध्यापकांच्या कामात असे, म्हणून ही मंडळी रात्री येत आणि पहाटेपर्यंत बसत. त्यांचा एक अलिखित संकेत होता. माणसाची किंमत त्याच्या पदवीवरून, वयावरून वा वर्णावरून करावयाची नाही; त्याने यंत्राकडून काय करवून घेतले, यावरून करावयाची. पीटर डॉइच नावाचा बारा वर्षांचा मुलगा त्यांच्या पंक्तीला बरोबरीच्या नात्याने बसे. संकेत थोर खरा. पण त्याच्या कडेला दोषही होते. स्त्रियांना त्या पंक्तीत जवळजवळ स्थान नव्हते. आणि बंद दार हा ही मंडळी आपला अपमान समजत. रात्री एखादे हत्यार हवे असले, की कपाटाचे कुलूप युक्तीने उघडून ते घेण्यात त्यांना काही वावगे वाटत नसे. ज्ञान सर्वांचे, मग त्यावर कुलूप कशाला, असा त्यांचा सवाल होता.

वस्तू उघडून तिचे मर्म पाहावे, ही ओढ आपल्यालाही परकी नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली याच बडोद्यात कलाभवन उघडले, आणि तेथे शिकण्यास आलेल्या तरुणांत त्र्यंबकेश्वरचा धुंडिराज गोविंद फाळके हा एक होता. चित्रकला झाली, छायाचित्रण झाले, मुद्रण झाले, जादूचे प्रयोगही झाले. पुढे चलच्चित्राचे यंत्र हाती येताच या गृहस्थाने पहिली परीक्षा म्हणून वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. त्यांना कोणी हॅकर म्हटले नाही, परंतु एम. आय. टी.च्या मुलांनी आपल्या शब्दाला जो पहिला अर्थ दिला होता, तो दादासाहेबांना पुरेपूर लागू पडतो.

मग शब्द बिघडला कोठे? तो बिघडला टेलिफोनच्या तारेवर. १९६३ च्या नोव्हेंबरात एम. आय. टी.च्याच विद्यार्थी-वृत्तपत्रात अशी बातमी आली, की काही हॅकर टेलिफोनच्या यंत्रणेशी नको ते खेळ करीत आहेत. अमेरिकेतील दूरच्या तारा त्या काळी एका विशिष्ट सुरावर चालत. सेकंदाला २६०० कंपने असलेला तो सूर वाजला, की तार मोकळी झाली असे यंत्राला वाटे. जो एन्ग्रेसिया नावाच्या एका जन्मांध मुलाला सुराचे असाधारण ज्ञान होते. शीळ घालता घालता त्याला लहानपणीच हे गुपित सापडले. ज्याच्यासाठी सारे जग आवाजांचेच बनलेले होते, त्या मुलाला तारेपलीकडच्या जगाची दारे शिळेने उघडू लागली. असे आणखीही तरुण होते. ते टोपणनावांनी एकमेकांना ओळखत आणि तारेवर तासन्‌तास गप्पा मारीत. त्यांपैकी पुष्कळांना पैसे वाचविण्याचे अप्रूप नव्हते. अवाढव्य यंत्रणेचे कोडे सुटल्याचा आनंद मोठा होता. तरी फुकट बोलणे ही कंपनीच्या दृष्टीने चोरीच होती, आणि कायद्याने तसेच मानले. या सुराची आठवण इतकी टिकली, की १९८४ साली हॅकर लोकांनी जे नियतकालिक काढले त्याचे नावच त्यांनी ‘२६००’ असे ठेवले.

येथे थोडे मागे जाऊन एक जुनी हकीकत सांगितली पाहिजे. दोष उघड करावा की झाकावा, हा वाद संगणकाच्या पुष्कळ आधीचा आहे. १८५१ साली लंडनमध्ये जगप्रसिद्ध प्रदर्शन भरले होते. ब्रामा नावाच्या कुलूपकारांच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप कित्येक वर्षे टांगलेले होते, आणि ते उघडील त्याला दोनशे गिनींचे बक्षीस लावलेले होते. ते उघडत नाही, हीच त्याची कीर्ती. अल्फ्रेड हॉब्ज नावाचा एक अमेरिकन कुलूपकार आला. त्याने प्रथम चब कंपनीचे नामांकित कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडले, आणि मग ब्रामाच्या कुलपापाशी ठाण मांडले. सोळा दिवसांच्या अवधीत एकूण पन्नासाहून अधिक तास खपून त्याने तेही उघडून दाखविले. लंडनमध्ये एकच हलकल्लोळ झाला. हा मनुष्य चोरांना विद्या शिकवितो, अशी ओरड झाली. हॉब्जचे म्हणणे असे, की चोरांना ही विद्या अगोदरच अवगत आहे; अंधारात आहेत ते केवळ कुलपे विकत घेणारे सज्जन. याचा परिणाम असा झाला, की इंग्लंडातील कुलूपकारांना आपली कुलपे सुधारावी लागली. हॉब्जची आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याने कुलूप उघडले ते मालकाच्या आव्हानावरून, पंचांच्या देखरेखीखाली. रात्री कोणाच्या घरात शिरून नव्हे.

संगणकांचे जाळे विस्तारले, तेव्हा हॉब्जचाच प्रसंग पुन्हा पुन्हा घडू लागला. पण ना पंच होते, ना आव्हान. जर्मनीत १९८१ साली ‘केऑस कॉम्प्युटर क्लब’ नावाचे मंडळ निघाले होते. तेथील टपाल खात्याने घरोघरी पडद्यावर माहिती पुरविणारी एक यंत्रणा उभारली आणि ती सर्वथा सुरक्षित असल्याची ग्वाही दिली. १९८४ च्या नोव्हेंबरात या मंडळाने हॅम्बुर्गच्या एका पेढीचा परवलीचा शब्द वापरला आणि एका रात्रीत तिच्या खात्यावरून सुमारे १ लाख ३५ हजार मार्क आपल्या नावे वळते करून दाखविले. लागलीच त्यांनी पत्रकारांना बोलावून हा प्रकार जाहीर केला व रक्कम परत केली. लोकांना मौज वाटली, खात्याची नाचक्की झाली. परंतु विचार करा. आपल्या कपाटातील दागिने कोणी रात्री काढून नेले आणि सकाळी परत आणून दिले, तर आपण त्याला धन्यवाद देऊ काय? कपाट कच्चे आहे हे कळले खरे, पण झोप कायमची उडाली.

हेतू चांगला असूनही हात कसा पोळतो, याचे उदाहरण चारच वर्षांनी घडले. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने जाळ्यात एक लहानसा कार्यक्रम सोडला. तो एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरे. नासधूस करावी असे त्यात काही नव्हते; पण आकडेमोडीत चूक झाली, आणि तो इतक्या वेगाने वाढला की जाळ्यातील सुमारे साठ हजार संगणकांपैकी अंदाजे सहा हजार यंत्रे ठप्प झाली. मॉरिसचे वडील स्वतः सरकारी सुरक्षा खात्यात संगणकतज्ज्ञ होते. न्यायालयाने मुलाला दोषी ठरवून तीन वर्षे देखरेख, चारशे तास समाजसेवा आणि दंड अशी शिक्षा दिली. तुरुंगात धाडले नाही. पुढे तोच तरुण एम. आय. टी.त प्राध्यापक झाला. त्या घटनेनंतर काही दिवसांतच कार्नेगी मेलन विद्यापीठात असे एक केंद्र स्थापण्यात आले, की दोष सापडला तर कोणालाही तेथे कळविता यावा. नावाड्याला हाक कोठे मारावी, याचा पत्ता जगाला प्रथमच मिळाला.

या काळात हॅकर मंडळींचा स्वतःचा असा एक समाज घडत होता. १९९३ साली अमेरिकेत लास व्हेगास येथे ‘डेफ कॉन’ नावाचा त्यांचा मेळा सुरू झाला. त्याच्या चालीरीती एखाद्या जत्रेसारख्या गमतीदार आहेत. माणसे खऱ्या नावाने नव्हे, तर स्वतः घेतलेल्या टोपणनावाने वावरतात. एका भिंतीवर अशांची यादी लावतात, की ज्यांनी आपला परवलीचा शब्द बेफिकिरीने उघड्यावर पाठविला. त्या भिंतीला ‘मेंढरांची भिंत’ म्हणतात. एका कोपऱ्यात कुलपे आणि तारेचे आकडे मांडलेले असतात, आणि आबालवृद्ध हॉब्जची विद्या गिरवीत बसतात. गर्दीत साध्या वेषात आलेला सरकारी अधिकारी ओळखून दाखविणाऱ्यास सदरा बक्षीस मिळे. खेळ विनोदी खरा. पण कालांतराने तोच अधिकारी व्यासपीठावर येऊन या तरुणांना नोकरीचे आमंत्रण देऊ लागला. चोर-शिपाई एका पंगतीस बसू लागले, आणि त्यातूनच संगणक-सुरक्षा हा एक प्रतिष्ठित व्यवसाय उभा राहिला. जुन्या अमेरिकी घोडेस्वारांच्या चित्रपटांत सज्जनाची टोपी पांढरी आणि दुर्जनाची काळी असे. त्यावरून मालकाच्या संमतीने दोष शोधणाऱ्यास ‘पांढऱ्या टोपीचा’ म्हणू लागले.

आता आपल्या भूमीकडे वळू. १९९८ च्या मे महिन्यात भारताने पोखरण येथे अणुचाचण्या केल्या. त्याच महिन्याच्या १९ तारखेस ‘लॉफ्ट’ नावाच्या मंडळाचे सात हॅकर अमेरिकेच्या सिनेटपुढे, टोपणनावांनीच, साक्षीसाठी बसले आणि म्हणाले, आम्ही मनावर घेतले तर जगाचे जाळे अर्ध्या तासात बंद पाडू शकू. कृपा करून ते दुरुस्त करा. सिनेटरांनी ते आदराने ऐकले. याला पुरते तीन आठवडेही लोटले नाहीत, तोच जूनच्या आरंभी ‘मिलवर्म’ नावाच्या टोळीतील काही मुले मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत शिरली. त्यांची वये पंधरा ते अठराच्या घरात, देश निरनिराळे. त्यांनी तेथील पत्रव्यवहार उतरवून घेतला आणि केंद्राच्या पानावर अणुस्फोटाच्या ढगाचे चित्र चिकटविले. आम्ही अण्वस्त्रांचा निषेध करतो, असे त्यांचे सांगणे होते. दोन्ही प्रसंगांत विद्या तीच आहे. पहिल्या मंडळाने धन्याला गाठून दोष सांगितला. दुसऱ्याने दोष सापडताच धन्याच्या दारावर आपली सही ठोकली.

यानंतर दोनच वर्षांनी आपल्याकडे कायदा आला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला, आणि त्याच्या ६६ व्या कलमाचे शीर्षकच मुळी हॅकिंग या शब्दाने केलेले होते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, वा दोन लाखांपर्यंत दंड, वा दोन्ही. एम. आय. टी.च्या मुलांची पदवी आपल्या कायद्यात गुन्ह्याचे नाव होऊन बसली. पुढे २००८ साली दुरुस्ती झाली, ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली, आणि त्या कलमातून हा शब्द गाळण्यात आला. आता तेथे कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलेले असावे लागते. धन्याच्या परवानगीवाचून संगणक उघडणे हे त्रेचाळिसाव्या कलमाखाली भरपाईस कारण होतेच. परंतु तेवढ्याने मनुष्य कैदेस पात्र ठरत नाही. परवानगी नसणे आणि दानत खोटी असणे, या दोन गोष्टी कायद्याने अशा वेगळ्या केल्या. आमच्या शिक्षक-सभेला हा भेद ठाऊक नव्हता.

दरम्यान आपले तरुणही एकत्र येऊ लागले होते. २००७ च्या डिसेंबरात पुण्यात ‘क्लबहॅक’ हे संमेलन भरले. २०१० च्या फेब्रुवारीत गोव्यात ‘नलकॉन’ सुरू झाले, आणि देशोदेशींचे छिद्रान्वेषी मांडवीकाठच्या त्या भूमीत दरवर्षी जमू लागले. त्याच २०१० साली मात्र दुसरी एक घटना घडली. हैदराबादचे हरी प्रसाद यांनी दोन परदेशी संशोधकांच्या साहाय्याने मतदान यंत्राची परीक्षा करून त्यात फेरफार शक्य असल्याचा निबंध प्रसिद्ध केला. निवडणूक आयोगाने हे म्हणणे मान्य केले नाही. यंत्र मुंबईच्या सरकारी साठ्यातून गेलेले होते, असे तपासात आढळले. यंत्र कोणी दिले हे हरी प्रसादांनी सांगितले नाही, आणि २१ ऑगस्ट रोजी मुंबईच्या पोलिसांनी त्यांना अटक केली. काही दिवसांनी जामीन मिळाला, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील एका संस्थेने त्यांचा सन्मान केला. एकाच मनुष्याला एकाच कृत्याबद्दल एका देशात बेडी आणि दुसऱ्यात पारितोषिक! निबंधातील निष्कर्ष बरोबर की चूक, हा तज्ज्ञांचा प्रश्न आहे. मला येथे एवढेच दाखवावयाचे आहे, की परीक्षा करावयास यंत्र रीतसर मागण्याची वाट मोकळी नसली, म्हणजे परीक्षक आणि चोर यांच्यातील रेषा किती धूसर होते.

कोणी म्हणेल, की हे सारे यंत्रांचे आणि तज्ज्ञांचे प्रकरण. आपणां सामान्यांचा त्यात काय संबंध? सुरक्षेचे जाणकार मात्र सांगतात, की सर्वांत मोठे छिद्र यंत्रात नसून माणसात असते. बडोदेकरांना हे निराळे शिकवावयास नको. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी येथील रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड आढळली. रेसिडेन्सीभोवती पहारा होता, मागे साम्राज्याचे बळ होते. पण खटल्यात जो पुरावा पुढे आला, तो होता घरातील आया, हवालदार आणि जमादार यांना पैसे चारून आतली बित्तंबातमी बाहेर नेल्याचा. मल्हारराव महाराज दोषी की निर्दोष, यावर चौकशी मंडळाचे एकमत झाले नाही. तिघे इंग्रज सभासद एका बाजूस, तर शिंदे सरकार, जयपूरनरेश व सर दिनकरराव दुसऱ्या बाजूस राहिले. महाराजांना १८७५ च्या एप्रिलात पदच्युत करण्यात आले, आणि त्यांच्या जागी सयाजीराव आले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. भिंत कितीही उंच असो, आतल्या माणसाचा विश्वास विकत वा फसवून घेता आला, की भिंत निरुपयोगी होते. आज दूरध्वनीवरून गोड बोलून आपला गुप्त आकडा विचारून घेणारा भामटा हीच जुनी विद्या चालवीत आहे.

आणि छिद्र वेळीच कोणी दाखविले नाही, म्हणजे काय होते? पुण्याच्या कॉसमॉस बँकेची यंत्रणा २०१८ च्या ऑगस्टमध्ये चोरट्यांनी पोखरली. ११ ऑगस्ट रोजी अवघ्या काही तासांत अठ्ठावीस देशांतील यंत्रांतून बनावट कार्डांनी पैसे काढण्यात आले. १३ तारखेस हाँगकाँगला आणखी सुमारे चौदा कोटी रुपये वळविले गेले. एकूण आकडा सुमारे ९४ कोटींचा. २०२३ च्या एप्रिलात पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा ठोठावली. १९०६ साली स्थापन झालेली ही सहकारी पेढी. तेथे निवृत्त कारकुनाचीही पुंजी असते, विधवा भगिनीचीही. अशा पेढीच्या दारावर चोराच्या आधी एखादा हॉब्ज यावा, असे आपणांस वाटत असेल, तर हॉब्जला येण्याजोगी वाट आपणच ठेवली पाहिजे.

ती वाट आता थोडी मोकळी होत आहे. १९९५ साली नेटस्केप या कंपनीने आपल्या मालातील दोष दाखविणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. ब्रामाच्या खिडकीतील दोनशे गिनी पुन्हा टांगल्या गेल्या. पुढे अनेक मोठ्या कंपन्यांनी हा प्रघात उचलला, आणि भारतीय तरुण त्यात आज मोठ्या संख्येने आहेत. दोष आधी खाजगीत कळवावा, दुरुस्तीस मुदत द्यावी, आणि मगच जगाला सांगावे, असा शिष्टाचार रुळला आहे. गूगलच्या एका पथकाने २०१४ पासून ही मुदत नव्वद दिवसांची ठरविली. आपल्याकडेही केंद्र सरकारचे ‘सर्ट-इन’ हे पथक २००४ पासून काम करीत आहे, आणि दोष सापडल्यास तेथे कळविता येतो.

श्रोतेहो, एवढा इतिहास पाहिल्यावर आमच्या शाळेतील प्रसंगाकडे मी पुन्हा पाहतो. मुलाचे एक चुकले होते: दार ढकलण्याआधी त्याने विचारावयास हवे होते. तेवढे त्याला समजावून सांगणे हे आम्हां शिक्षकांचे काम होते. पण त्यानंतर त्याने जे केले, ते अगदी योग्य होते. काही बदलले नाही, मित्रांत मिरविले नाही, आणि आपल्या गुरुजींना येऊन सांगितले. जगातील शहाण्या लोकांना जो शिष्टाचार ठरविण्यास कित्येक वर्षे लागली, तो त्या पोराने आपल्या बुद्धीने पाळला होता. आणि आम्ही त्याला असा धडा दिला, की दोष दिसला तर बोलू नये.

हल्ली वर्षारंभी मी वर्गात मुलांना तीन गोष्टी सांगतो. परक्याचे दार विचारल्यावाचून उघडू नका. उघडे दिसले तर आत जाऊ नका. आणि ज्याचे दार आहे त्याला, नाहीतर मला, त्याच दिवशी येऊन सांगा. तुम्हांला शिक्षा होणार नाही, हे माझे वचन. मागच्या वर्षी एक मुलगी सांगावयास आली. शाळेच्या ग्रंथालयातील नोंदींचा घोटाळा होता. मी तिचे आभार मानले आणि त्याच दुपारी तो दुरुस्त करून घेतला.

तो नववीतला मुलगा आता मोठा झाला असेल. कोठे आहे, ते मला ठाऊक नाही. भेटला तर मी प्रथम त्याची क्षमा मागेन, आणि मग माझ्या भ्रमणध्वनीचा परवलीचा शब्द कसा असावा, तेही विचारून घेईन.